मुक्त गावाचा दुसरा दिवस

मी एक साधा शाळामास्तर आहे. इतिहास हा माझा विषय. वर्गात दुसरे महायुद्ध शिकविताना आमच्या हाती फार थोडा वेळ असतो. ‘6 जून 1944 रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले आणि फ्रान्सच्या मुक्ततेस प्रारंभ झाला,’ एवढे एक वाक्य फळ्यावर लिहावे, मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा व्हावी, असा आमचा शिरस्ता. एके दिवशी मागच्या बाकावरच्या, एरवी तोंडही न उघडणाऱ्या एका मुलाने हात वर केला. तो म्हणाला, “सर, गाव मोकळे झाले, हे समजले. पण दुसऱ्या दिवशी तिथे काय झाले?”

त्या मुलाला द्यावयास माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. “पुढच्या तासाला सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. मास्तरांच्या या वाक्याचा अर्थ मुलांना चांगला ठाऊक असतो! परंतु प्रश्न माझ्या मनातून जाईना. मग मिळेल ते वाचीत गेलो, आणि त्या वाचनातून एका लहानशा फ्रेंच गावाची ओळख झाली. तीच आज आपणांस करून द्यावी, असा विचार आहे.

या गावाचे नाव सेंत-मेर-एग्लीज. मराठीत सांगावयाचे तर ‘पवित्र माता चर्च’. फ्रान्सच्या वायव्येस नॉर्मंडी प्रांतात कोतांतँ नावाचे एक द्वीपकल्प समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या टोकाशी शेरबूर हे मोठे बंदर आहे. या बंदराकडून कां शहराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव वसलेले आहे. मध्ये चौक, चौकात तेराव्या शतकाच्या सुमाराचे दगडी चर्च, भोवती घरे आणि घरांपलीकडे गुराढोरांची कुरणे व सफरचंदांच्या बागा. वस्ती हजार-दीड हजारांची. आपल्याकडे बाजाराचे गाव असते, तसेच हे एक. जून 1940 मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि जर्मन शिपाई या चौकात येऊन राहिले. चार वर्षे गावकऱ्यांनी त्यांची संचारबंदी पाळली, त्यांनी मागितलेले धान्य दिले, सांगितलेली वेठ केली. लंडनहून येणाऱ्या फ्रेंच बातम्या ऐकणे हा गुन्हा होता. आपण आज निर्धास्तपणे नभोवाणी ऐकत आहोत. त्या गावात ऐकणाऱ्याला आधी दार लावून, मग कान यंत्राशी नेऊन, जीव मुठीत धरूनच ऐकावे लागे.

5 जूनच्या रात्री चौकासमोरच्या एका घराला आग लागली. चर्चची घंटा घणघणू लागली. गावचे नगराध्यक्ष आलेक्सांद्र रेनो हे व्यवसायाने औषधविक्रेते होते. त्यांनी जर्मन अधिकाऱ्याकडून संचारबंदीत तेवढ्यापुरती सूट मिळविली. गावकरी ओळीने उभे राहिले आणि हातोहात पाण्याच्या बादल्या पुढे जाऊ लागल्या. भोवती बंदुका घेतलेले जर्मन शिपाई पहारा देत होते. शेजाऱ्याचे घर वाचावे म्हणून लोक धावत होते आणि त्यांच्यावर परक्यांची नजर होती. चार वर्षांच्या पारतंत्र्याचे सारे चित्र त्या एका ओळीत सामावले होते.

इतक्यात आकाशात विमानांची घरघर सुरू झाली. घर जळत होते, घंटा वाजत होती आणि वरून पांढऱ्या हवाई छत्र्या उतरू लागल्या. त्या रात्री अमेरिकेच्या दोन डिव्हिजनांचे मिळून सुमारे 13,000 छत्रीधारी सैनिक नॉर्मंडीत उतरविण्यात आले. ढग आणि विमानविरोधी तोफांचा मारा यांमुळे त्यांतील कित्येक ठरल्या जागेपासून दूर फेकले गेले. जर्मनांनी नद्यांचे पाणी सोडून सखल शेते बुडविली होती. पाठीवरच्या ओझ्यासह त्या पाण्यात पडून अनेक जण लढण्यापूर्वीच बुडाले. काही सैनिक तर थेट या उजळलेल्या चौकातच उतरले. आगीच्या प्रकाशात ते स्पष्ट दिसत होते. कित्येक जण जमिनीला पाय लागण्याआधीच गोळ्यांना बळी पडले. कुणी झाडात अडकला, तो तिथेच लोंबकळत राहिला. बादल्या हातात घेऊन उभ्या असलेल्या गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत हे सारे घडले.

जॉन स्टील या सैनिकाची छत्री चर्चच्या मनोऱ्याला अडकली. पायाला जखम झालेली, खाली लढाई पेटलेली आणि कानाशी घंटेचा घणघणाट, अशा अवस्थेत सुमारे दोन तास तो मेल्याचे सोंग घेऊन लोंबत राहिला. पुढे जर्मनांनी त्याला खाली काढून कैद केले. परंतु लवकरच तो निसटला. आज त्या मनोऱ्यावर छत्रीसह त्याचा पुतळा टांगलेला आहे. जगभरचे प्रवासी मान वर करून तो पाहतात.

गावाबाहेर उतरलेल्या सैनिकांना लेफ्टनंट कर्नल एडवर्ड क्राउझ याने अंधारात गोळा केले. एक गावकरी त्यांचा वाटाड्या झाला. क्राउझने आपल्या माणसांना बजावले की, उजाडेपर्यंत कुणीही बंदूक झाडू नये. सुरे, संगिनी आणि हातबॉम्ब एवढ्यांवरच भागवावे. म्हणजे अंधारात जो बंदूक झाडील तो शत्रू, हे ओळखू येईल. पहाटे साडेचारच्या सुमारास गाव ताब्यात आले आणि नगरभवनावर अमेरिकेचा ध्वज चढला. फ्रान्समधील अगदी पहिल्या मुक्त गावांत सेंत-मेर-एग्लीजची गणना होते, ती या पहाटेमुळे.

श्रोतेहो, पाठ्यपुस्तक बहुधा इथे थांबते. ध्वज चढला की प्रकरण संपते. परंतु गावाचे दुःख तेव्हा कुठे सुरू होत होते. हमरस्ता पुन्हा हाती यावा म्हणून जर्मनांनी उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून प्रतिहल्ले चढविले. उत्तरेस न्यूव्हिल नावाच्या खेड्यापाशी लेफ्टनंट टर्नर टर्नबुल हा तरुण अधिकारी चाळीसेक माणसांनिशी कित्येक पट मोठ्या सैन्याला तासन्‌तास थोपवून उभा होता. त्यांतील अवघे सोळा जण परत फिरले. टर्नबुल त्या सोळांत होता. पण दुसऱ्याच दिवशी, 7 जूनला, तोफेच्या गोळ्याने तो मारला गेला. तिकडे तोफा गावावर पडतच होत्या. माणसे तळघरांत आणि चरांत मुलेबाळे पोटाशी धरून बसली होती. आलेले सैन्य टिकणार की चार घटकांत माघारी जाणार, आणि गेले तर जर्मन गावाचा कसा सूड घेतील, हे त्यांतील कुणालाही माहीत नव्हते. 7 तारखेस समुद्राकडून अमेरिकेचे रणगाडे येऊन पोहोचले, तेव्हा गावाचा जीव भांड्यात पडला.

माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला दुसरा दिवस तो हाच. त्या दिवशी चौकात काय होते? भग्न घरे, फुटलेली छपरे, मेलेली गुरे आणि मेलेली माणसे. मुक्ततेची किंमत केवळ मुक्त करणाऱ्यांनीच मोजली, असेही नाही. नॉर्मंडीतील लढाईत सुमारे 20,000 फ्रेंच नागरिक प्राणांस मुकले आणि त्यांतील पुष्कळसे दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बगोळ्यांनी. सें-लो हे शहर तर विमानहल्ल्यांत जवळजवळ पूर्णपणे उद्ध्वस्त झाले. ज्यांची वाट चार वर्षे पाहिली, त्यांच्याच विमानांनी आपले घर पाडावे, हे सोसणे सोपे नव्हे. मुलांना इतिहास सांगताना हा भाग वगळण्याचा मोह होतो. परंतु तो वगळला, तर कृतज्ञता म्हणजे काय, तेही समजत नाही. ज्याला काहीच सोसावे लागले नाही, त्याचे आभार स्वस्त असतात.

पुढे 1944 च्या त्या उन्हाळ्यात फ्रान्समधील एकेक गाव मुक्त होत गेले. त्यांतील कित्येक ठिकाणी दुसरा दिवस सुडाचा उजाडला. जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून बायकांना भर चौकात बसवून त्यांचे केस भादरण्यात आले आणि हसणाऱ्या गर्दीतून त्यांची धिंड काढण्यात आली. त्या गर्दीत असे अनेक जण होते की, ज्यांनी चार वर्षे ब्रही काढला नव्हता. केशवपनाचा इतिहास ज्या समाजाच्या गाठी आहे, त्या आपल्या मराठी समाजाला त्या बायकांच्या खाली घातलेल्या माना अधिक सांगण्याची गरज नाही. बेडी तुटली की हात मोकळे होतात. त्या हातांनी काय करावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

सेंत-मेर-एग्लीजच्या वाट्याला मात्र फार मोठे काम आले होते. आसपासच्या रणांगणांवरून मृत सैनिकांचे देह आणले जाऊ लागले. गावात आणि गावाच्या जवळपास तीन तात्पुरत्या दफनभूमी झाल्या आणि त्यांत मिळून दहा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांना मूठमाती मिळाली. हजार-दीड हजारांच्या वस्तीभोवती दहा हजारांहून अधिक कबरी! गावात जितकी जिवंत माणसे होती, त्यांच्या कितीतरी पट मृत पाहुणे त्यांच्या कुरणांत विसावले. प्रत्येक कबरीवर एक पांढरी लाकडी खूण आणि तिच्यावर नाव. ही नावे उच्चारणेही गावकऱ्यांना कठीण होते. ज्यांनी त्यांना त्या नावांनी हाक मारली होती, ती माणसे समुद्रापलीकडे होती.

आता मी एका बाईविषयी सांगणार आहे. नगराध्यक्ष रेनो यांच्या पत्नीचे नाव सिमोन. त्या दफनभूमीत जात आणि कबरींवर फुले ठेवीत. जुलै 1944 मध्ये जनरल थिओडोर रूझवेल्ट धाकटे यांचे हृदयविकाराने निधन झाले व त्यांनाही याच गावी पुरण्यात आले. हे अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. त्यांच्या कबरीवर फुले ठेवताना सिमोनबाईंचे एक छायाचित्र कुणी टिपले आणि ऑगस्टमध्ये ते अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आले.

त्यानंतर जे घडले, त्याची कल्पना त्या बाईंनाही नसावी. अमेरिकेतून पत्रे येऊ लागली. ती आयांची होती, विधवांची होती, बहिणींची होती. जनरलच्या कबरीवर फुले ठेवणाऱ्या या बाई माझ्या मुलाच्याही कबरीवर ठेवतील काय? ती कबर कुठे आहे? तिथे झाड आहे का? ऊन येते का? सरकारकडून आलेल्या तारेत मृत्यूची तारीख असते. पण मुलगा जिथे निजला आहे, ती जागा कशी आहे, हे तारेत नसते. आईला तेच हवे असते.

सिमोनबाई कबर शोधीत, फुले ठेवीत, छायाचित्र काढवीत आणि पत्राबरोबर पाठवीत. एक पत्र गेले की आणखी येत. घर पडझडीतून सावरावयाचे, तीन मुलगे वाढवावयाचे आणि वर हा पत्रव्यवहार. त्यांनी तो वर्षानुवर्षे चालू ठेवला. पुढे लढाईतून वाचलेले सैनिक गावी येऊ लागले, तेव्हा त्यांचेही आदरातिथ्य त्या करीत राहिल्या. 1988 मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे ध्वज चढविण्याचे काम एका पहाटेत झाले. पण त्या बाईंनी अंगावर घेतलेले काम चव्वेचाळीस वर्षे पुरले.

आम्हां कॅथलिकांच्या घरी 2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी आम्ही दफनभूमीत जातो, गवत काढतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. लहानपणी वडील मला नेत. आमच्या आजी-आजोबांची कबर उजळून झाली की शेजारच्या एका पडक्या कबरीवरही ते एक मेणबत्ती लावीत. त्या कबरीचे कुणी येत नसे. मी एकदा विचारले, “हे आपले कोण?” वडील म्हणाले, “कुणी नाही. म्हणून तर.” सिमोनबाईंची हकीकत वाचताना मला ते दोन शब्द पुन्हा ऐकू आले. आपल्या माणसासाठी रडणे हा स्वभाव आहे. ज्याचे इथे कुणी नाही त्याच्यासाठी वाकणे, हा धर्म. मग तो कोणत्याही नावाने ओळखला जावो.

सेंत-मेर-एग्लीजच्या त्या कबरी आज तिथे नाहीत. 1948 पर्यंत त्या हलविण्यात आल्या. ज्या कुटुंबांनी मागणी केली, त्यांच्याकडे देह पाठविण्यात आले. इतर अनेक सैनिक कोलव्हिल येथील मोठ्या अमेरिकन दफनभूमीत नेण्यात आले. समुद्राकाठच्या त्या हिरवळीवर आज 9,300 हून अधिक पांढऱ्या संगमरवरी खुणा ओळीने उभ्या आहेत. गावाने मात्र आपले स्मरण चर्चच्या खिडकीत जपले आहे. तिच्या रंगीत काचांत बालयेशूला घेतलेली मरियामाता आहे आणि तिच्याभोवती छत्र्यांनी उतरणारे सैनिक. या खिडकीची कल्पना रेनो दांपत्याच्या मुलाची. एरवी अशा खिडकीत देवदूत असतात. या गावाला ज्या रूपात देवदूत दिसले, त्या रूपात त्याने ते काढले. जिथे ते घर जळाले, त्या जागी 1964 मध्ये छत्रीधारी सैनिकांचे संग्रहालय उघडले. मनोऱ्यावरच्या पुतळ्याची छायाचित्रे सारे काढतात. पत्रे लिहिणाऱ्या बाईंचे नाव त्या मानाने थोड्यांना ठाऊक असते.

आता थोडे आपल्या घराकडे वळतो. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. पहाटे रस्त्याने धावणारी तिथली पोरे आम्ही रोज पाहतो. सेंत-मेर-एग्लीज मुक्त झाले, त्याच उन्हाळ्यात याच रेजिमेंटचे जवान इटलीच्या डोंगरांत तिथली गावे मोकळी करीत पुढे सरकत होते. त्यांत कोकणातल्या माणगाव भागातील नाईक यशवंत घाडगे हा बावीस वर्षांचा जवान होता. 10 जुलै 1944 रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्याच्या तुकडीतील बहुतेक सारे पाडले. घाडगे एकटाच त्या मोर्चावर धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्याने ती तोफ बंद पाडली आणि गोळ्या भरावयास वेळ उरला नाही, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने तो लढला. मोर्चा पडला, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी घाडगेही पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्याची कबर नाही. कासिनो येथील स्मारकावर, ज्यांची कबर ज्ञात नाही अशा हजारो सैनिकांच्या नावांत त्याचे नाव कोरलेले आहे.

परदेशासाठी, तोही परक्या राज्यकर्त्यांच्या सैन्यात राहून, कोकणातला पोरगा मेला. आपण त्याचे काय करावे, असा संकोच आपल्या मनात असतो. स्वातंत्र्यानंतर हा संकोच वाढला, हेही स्वाभाविक होते. परंतु ज्यांच्या गावाजवळ तो पडला, त्या लोकांना तो संकोच वाटला नाही. जुलै 2023 मध्ये इटलीतील मोंतोने या लहान गावाने घाडग्यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. एकोणऐंशी वर्षांनंतर एका इटालियन गावाने एका मराठी आईच्या मुलाचे नाव घेतले. तिला पत्र लिहिणारी सिमोन लाभली होती की नाही, कोण जाणे. परंतु उशिरा का होईना, फूल पोहोचले.

श्रोतेहो, त्या मुलाला उत्तर द्यावयास मी पुढच्या तासाला खरोखरच गेलो. मी त्याला म्हणालो, “दुसऱ्या दिवशी त्या गावात लोकांनी मेलेल्यांना उचलले, छपरे शाकारावयास घेतली, आणि काही दिवसांनी एक बाई फुले घेऊन कबरींकडे निघाली.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, हे पुस्तकात नाही.” मी म्हटले, “नाही. म्हणून वहीत लिहून घे.”

साऱ्या वर्गाने ते लिहून घेतले. माझ्या नोकरीत फळ्यावर न लिहिता मुलांनी आपण होऊन लिहून घेतलेली वाक्ये फार थोडी आहेत. त्यांतले हे एक आपणांसही सांगावेसे वाटले.